हॉल बुक करताना एवढं विचाराच : अमेरिकेतल्या मराठी मंडळांना खुले पत्र

टेक्सास-ओक्लाहोमापासून इलिनॉय-ओहायोपर्यंत आणि अलाबामापासून कॅरोलायनापर्यंतच्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणींस,

सप्रेम नमस्कार वि. वि.

पाडव्याच्या कार्यक्रमासाठी हॉल ठरवताना आपण काय काय विचारतो हे मला चांगलं ठाऊक आहे, मीही कार्यकारिणीत काम केलं आहे. भाडं किती, स्वयंपाकघर वापरू देतात का, बाहेरचं जेवण चालतं का, साउंड त्यांचा की आपला, समई पेटवली तर फायर अलार्म बोंबलेल का. टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीवर उतरणाऱ्या भोवऱ्यासारख्या वादळाचा, इशारा आला तर तीनशे माणसं कुठे न्यायची, हे मात्र कुणी विचारल्याचं माझ्या कानावर नाही. ते विचारावं, आणि धड उत्तर मिळाल्याशिवाय डिपॉझिट भरू नये, एवढीच माझी मागणी आहे. ती का, हे सांगायला थोडी जागा लागेल.

मी अलाबामात हंट्सव्हिलला राहते. आमच्या भागात २०११ हे साल नुसतं 'त्या वर्षी' म्हटलं तरी समजतं. त्या वर्षी अमेरिकेत टोर्नेडोंनी साडेपाचशेच्या वर माणसं मारली. डॉपलर रडार, उपग्रह, चोवीस तास हवामान दाखवणारे टीव्ही असं सगळं असताना. एप्रिलच्या २५ ते २८ या चार दिवसांत साडेतीनशेच्या आसपास टोर्नेडो झाले, आणि त्यातला बुधवार, २७ एप्रिल, हा एकटा दिवस तीनशेच्या वर जीव घेऊन गेला. दोनशेहून जास्त आमच्या अलाबामातले.

त्या बुधवारचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. पहाटे वादळांची एक रांग येऊन गेली. तिने झाडं पाडली, खांब पाडले, वीज घालवली. लोकांना वाटलं, झालं, आलं ते येऊन गेलं. दुपारी खरे राक्षस आले, तेव्हा कित्येक घरांत टीव्ही बंद होते, काही ठिकाणचे सायरन बंद होते, हवामानाचे इशारे देणाऱ्या सरकारी वेदर रेडिओचं प्रक्षेपणही काही भागांत बंद पडलं होतं. तीनच्या सुमारास कलमन गावात शिरलेला टोर्नेडो टीव्हीच्या कॅमेऱ्यावर थेट दिसत होता, पण ज्यांच्याकडे वीज नव्हती त्यांना तो फक्त खिडकीतून दिसणार होता. पाचनंतर टस्कलूसा. मग तोच बर्मिंगहॅमकडे. टस्कलूसाच्या विद्यापीठाचे सहा विद्यार्थी त्यात गेले, परीक्षा रद्द झाल्या, पदवीदान ऑगस्टवर ढकललं गेलं. आणि तो टोर्नेडो त्या दिवसातला सगळ्यात जोरदार नव्हताच. सर्वांत वरच्या, म्हणजे ईएफ-५ प्रतीचे चार त्याच दिवशी झाले, दोन मिसिसिपीत, दोन अलाबामात. ईएफ-५ म्हणजे अंदाजे ताशी २०० मैलांच्या वर वारा. चांगलं बांधलेलं घरही पायापासून साफ. त्यातला हॅकलबर्ग आणि फिल कॅम्पबेल ही गावं उद्ध्वस्त करणारा शंभर मैलांहून जास्त जमिनीवर राहिला आणि आमच्या काउंटीतल्या (म्हणजे जिल्ह्यातल्या) हार्वेस्टपर्यंत आला. त्या दिवशी उच्च दाबाच्या वीजवाहिन्या इतक्या तुटल्या की ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राचे तिन्ही रिअ‍ॅक्टर आपोआप बंद झाले आणि अख्खा उत्तर अलाबामा कित्येक दिवस अंधारात होता. पेट्रोल पंप बंद, एटीएम बंद. गल्लीतल्या सगळ्यांनी फ्रीजर रिकामे करून ग्रिलवर मिळेल ते भाजून खाल्लं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बुधवारी झालं, आपले कार्यक्रम शनिवार-रविवारी असतात. बरं, मग त्याच वर्षातले शनिवार-रविवार पाहू.

१६ एप्रिल, शनिवार, दुपार. नॉर्थ कॅरोलायनात टोर्नेडोंची मालिका झाली, रॅलीसारख्या शहरातून एक गेला, राज्यात चोवीस माणसं दगावली. रॅली-कॅरी भागात आज किती मराठी घरं आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. २२ मे, रविवार, संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास. मिसुरीतलं जॉप्लिन. पन्नास हजार वस्तीचं गाव, जवळजवळ मैलभर रुंदीचा ईएफ-५, दीडशेच्या वर मृत्यू. १९४७ नंतर एका टोर्नेडोने इतके जीव घेतले नव्हते. २१ ऑगस्ट, पुन्हा रविवार, पुन्हा दुपार. कॅनडात ऑन्टॅरिओमधलं गॉडरिच, त्यामुळे टोरंटोकडच्या मंडळींनीही हे पत्र आपल्यासाठी नाही असं समजू नये. जमीन दिवसभर तापली की दुपार-संध्याकाळ हीच अशा वादळांची वेळ, आणि नाटक, गाण्यांचा कार्यक्रम, जेवण यांचीही तीच. पाडवा ते महाराष्ट्र दिन हा आपला मोसम दक्षिणेत टोर्नेडोंच्या ऐन मोसमावर येतो. नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे दुसरा, छोटा मोसम असतो, तेव्हा दिवाळीचा कार्यक्रम असतो. जणू पंचांग बघून जुळवलंय.

जॉप्लिनच्या रविवारी गावातल्या हायस्कूलचा पदवीदान समारंभ होता. शाळेत तेवढी जागा नाही म्हणून तो विद्यापीठाच्या सभागृहात झाला, आणि टोर्नेडो येण्याच्या थोडाच आधी संपला. शाळेची इमारत त्या संध्याकाळी उरली नाही. समारंभ शाळेतच असता आणि भाषणं अर्धा तास लांबली असती तर काय, हा विचार मी करायचा टाळते. आपली भाषणं लांबतातच. त्याच दुपारी गावातल्या एका छोट्या नाट्यगृहात प्रयोगासाठी लोक जमले होते. तिथल्या तिघांचा जीव गेला.

आमच्या अलाबामातलं जुनं उदाहरण याहून बोचरं आहे. १९९४ सालचा पाम संडे, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, २७ मार्च. पीडमाँटजवळच्या गोशेन चर्चमध्ये ईस्टरचं नाटक चालू होतं, मुलंही त्यात होती. टोर्नेडोने छप्पर आणि भिंती आत पाडल्या, वीस माणसं गेली. हवामान खात्याचा इशारा दहाएक मिनिटं आधी निघालेला होता. भरलेल्या चर्चमध्ये तो पोचलाच नाही.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली छपराची. आपण जे हॉल घेतो ते बहुतेक शाळेचं जिम, ऑडिटोरियम नाहीतर देवळाचा मोठा हॉल. मध्ये खांब नाहीत म्हणूनच ते आपल्याला आवडतात, सगळ्यांना स्टेज दिसतं. पण खांबाशिवायचं लांब-रुंद छप्पर वाऱ्याने उचललं की त्याच्या आधाराने उभ्या असलेल्या उंच भिंतींना धरायला काही राहत नाही. जॉप्लिनच्या होम डेपो या घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात हेच झालं. छप्पर सुटलं आणि काँक्रीटच्या अवाढव्य भिंती कोसळल्या. पुढच्या भागातल्यांचे जीव गेले, मागच्या बाजूच्या खोलीत गेलेले वाचले. याच्या महिनाभर आधी नॉर्थ कॅरोलायनातल्या सॅनफर्ड गावी लोज या तशाच दुकानात मॅनेजरने शंभराहून जास्त गिऱ्हाईक-नोकरांना वेळेत मागच्या, बिनखिडक्यांच्या भागात नेलं. दुकानाचा दर्शनी भाग चिरडला, माणसं सगळी जगली. दुकानं जवळपास सारखीच, फरक कोण कुठे उभं होतं एवढाच. जॉप्लिनची तपासणी करणाऱ्या केंद्रीय संस्थेने, एनआयएसटीने, पुढे अहवालात म्हटलं की बहुतेक माणसं इमारती मोडल्यामुळे गेली. गावात बहुतेक घरांना तळघर नव्हतं. मिसुरीतच, त्याच वसंतात, २२ एप्रिलच्या रात्री सेंट लुईसच्या विमानतळावर आणि वस्त्यांवर ईएफ-४ टोर्नेडो आला होता. शेकडो घरं मोडली, मृत्यू शून्य. इशारा वेळेवर होता आणि त्या भागात तळघरं आहेत.

दुसरी गोष्ट इशाऱ्याची. जॉप्लिनला टोर्नेडो पोचण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी इशारा होता, सायरन दोनदा वाजले. चौकशीत असं निघालं की पहिला सायरन ऐकून बहुतेक लोक लगेच हलले नाहीत. नेहमीच वाजतो, दरवेळी काही होत नाही, जरा बाहेर बघू, टीव्ही लावून खात्री करू. हे ऐकताना मला हसू येत नाही, कारण मी आपल्या मंडळींना सायरन वाजल्यावर फोन घेऊन पार्किंगमध्ये व्हिडिओ काढायला जाताना पाहिलं आहे. आणि एका कार्यक्रमात (गाव आणि मंडळ सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं) इशारा आल्यावर निवेदकाने माइकवरून "बाहेर जरा पाऊस आहे, तेव्हा जेवण होईपर्यंत कुणी निघू नये" असं सांगितलं आणि पुढचं गाणं सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टोर्नेडो सात-आठ मैलांवरून गेला.

सायरन हे घराबाहेर असलेल्यांसाठी असतात. बंद हॉलमध्ये, एसी चालू असताना ते ऐकू येतीलच असं नाही, आणि आत ढोल-ताशा पथक असेल तर प्रश्नच मिटला. आमच्याकडचे टीव्हीवरचे हवामानतज्ज्ञ जेम्स स्पॅन, ज्यांनी कोट काढला आणि गॅलस दिसायला लागले की अख्खा मध्य अलाबामा सावध होतो, ते वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की सायरनच्या भरवशावर राहू नका. फोनवर येणारा सरकारी इशारा २०१२ पासूनचा, म्हणजे २०११ साली तो नव्हताच. आता आहे, तर आपण कार्यक्रमाच्या सुरुवातीला काय सांगतो? "कृपया आपापले मोबाईल बंद ठेवावेत." तीनशे इशारे एका वाक्यात बंद. मोबाईल सायलेंटवर ठेवा म्हणावं, आणि कार्यकारिणीतल्या एकाने, ज्याला त्या दिवशी दुसरं कुठलंही काम दिलेलं नाही अशाने, फोन चालू ठेवून विंगेत बसावं. सोबत तीस-चाळीस डॉलरचा, बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ असावा आणि तो त्या काउंटीसाठी लावलेला असावा. या माणसाला कार्यक्रम थांबवण्याचा पूर्ण अधिकार हवा. पाहुणा कलाकार पुण्याहून आलाय, ऐन रंगात आलाय, असली भीड त्याने धरायची नाही. 'वॉच' लागला म्हणजे परिस्थिती तयार होतेय, तेव्हा जागा लोकांना एकदा सांगून ठेवायची. 'वॉर्निंग' म्हणजे टोर्नेडो दिसलाय किंवा रडारवर सापडलाय, ती आली आणि हॉल तिच्या चौकटीत असला की पडदा पाडायचा. चर्चा नाही.

हवामान खात्याने २०११ वरून धडा घेतला. २०१२ पासून मिसुरी-कॅन्सासकडे त्यांनी इशाऱ्यांची भाषाच बदलायला घेतली. नुसतं 'टोर्नेडोची शक्यता' न म्हणता काय मोडेल, किती जीवघेणं आहे हे स्पष्ट लिहायला लागले. ओक्लाहोमातल्या नॉर्मनचं वादळ-अंदाज केंद्र आता आठ दिवस पुढचे धोक्याचे नकाशे देतं, त्यातले जवळच्या तीन दिवसांचे पाच पायऱ्यांमध्ये, पाचवी सर्वांत धोक्याची. शनिवारी काय होऊ शकतं याचा अंदाज बुधवार-गुरुवारी आलेला असतो. माझं मत विचाराल तर चौथी किंवा पाचवी पायरी दिसली की कार्यक्रम सरळ पुढे ढकलावा. खाली असेल तर करावा, दरवेळी रद्द करत बसलो तर वसंतात काहीच होणार नाही. रद्द करणं महाग पडतं हे मला कळतं. हॉलचे पैसे, केटररचा अ‍ॅडव्हान्स, कलाकारांची विमानतिकिटं. म्हणूनच हॉलच्या करारात हवामानामुळे तारीख बदलण्याची अट आधीच घालून घ्यावी. मिळते. मागत नाही कुणी.

आता मूळ प्रश्न, हॉलवाल्याला काय विचारायचं. वादळाचा आसरा आहे का, आणि त्यात किती माणसं मावतात. काही नव्या शाळांमध्ये टोर्नेडोला टिकेल अशी खास बांधलेली सेफ रूम असते. जॉप्लिनने शाळा पुन्हा उभारताना त्या मुद्दाम बांधल्या आणि वस्तीलाही खुल्या ठेवल्या. कधीकधी जिमच सेफ रूम म्हणून मजबूत बांधलेलं असतं, त्यामुळे जिम दिसलं की नाकारू नका, विचारा. २०१५ पासूनच्या राष्ट्रीय नमुना बांधकाम नियमांत सर्वाधिक वाऱ्याच्या पट्ट्यात नव्या शाळांना असा आसरा सक्तीचा केला आहे. आपल्या राज्याने आणि गावाने ते नियम घेतलेत का, ते फोन करून कळतं. सेफ रूम नसेल तर आतले बिनखिडक्यांचे पॅसेज, स्वच्छतागृहं, कलाकारांच्या खोल्या कुठे आहेत ते स्वतः चालून पाहा. आणि आदल्या दिवशी चाव्या मागून घ्या. शनिवारी शाळेतला आतला पॅसेज बहुतेक कुलूपबंद असतो.

देवळात कार्यक्रम असेल तर एक जास्तीची गोष्ट. आपल्या सगळ्यांची पादत्राणं बाहेर रॅकवर असतात. टोर्नेडोनंतर जमिनीवर काच, खिळे, फुटलेलं लाकूड असतं. जॉप्लिनमध्ये जखमांतून माती आणि लाकडाच्या ढलप्या शरीरात गेलेल्या तेरा जणांना म्युकरमायकोसिस झाला, पाच जण त्यात गेले. २०२१ साली महाराष्ट्रात ज्या बुरशीने कोविडमधून उठलेल्यांचे डोळे आणि जबडे नेले, ती याच कुळातली. म्हणून 'वॉच' लागला की चपला आत आणू द्या. देवाला त्याचं काही वाटणार नाही, आणि विश्वस्तांना वाटलं तर त्यांच्याशी बोलायची माझी तयारी आहे.

कार्यक्रमाबाहेरचं एक काम मंडळांखेरीज कुणी करणार नाही, ते मुलांकडे आलेल्या आई-बाबांचं. ते थंडी संपल्यावर येतात, एप्रिल-मे-जूनमध्ये, आणि मुलगा-सून कामावर गेल्यावर दुपारभर घरात एकटे असतात. कोकणातल्या माणसांना 'निसर्ग' चक्रीवादळ आठवतं, तेव्हा दोन-तीन दिवस आधीपासून बातम्या होत्या, गावं हलवली होती. इथे हातात पंधरा मिनिटं असतात, कधी त्याहून कमी. इशारा इंग्रजीत येतो, भारतातलं सिमकार्ड असलेल्या फोनवर तो येईल याचा भरवसा नाही. महिन्याच्या चाचणीचा सायरन पहिल्यांदा ऐकला की ते घाबरतात, तिसऱ्यांदा ऐकला की "रोजचंच आहे" म्हणून चहा टाकतात. माझ्या सासूबाई अगदी असंच करायच्या. मग मी आमच्या जिन्याखालच्या कपाटातून इस्त्रीचं टेबल आणि जुन्या बॅगा काढल्या, आत एक पाट ठेवला, मुलांची सायकलची हेल्मेट, शिट्टी, टॉर्च, त्यांच्या बीपच्या गोळ्यांची एक पट्टी आणि जुने बूट ठेवले, आणि त्यांना दोनदा आत बसवून दार लावायला लावलं. हेल्मेटचं खूळ माझं नाही, २०११ नंतर बर्मिंगहॅमच्या विद्यापीठातल्या संशोधकांनीच त्याचा आग्रह धरला, कारण डोक्याला लागूनच फार माणसं जातात. सासूबाईंना ते घालून बसायला लाज वाटायची, फोटो काढू नकोस म्हणायच्या. पण पुढच्या इशाऱ्याला मी ऑफिसातून फोन केला तेव्हा त्या कपाटातूनच बोलत होत्या.

प्रत्येक मंडळाने मोठ्या अक्षरातलं एक पान मराठीत छापावं. सर्वांत खालचा मजला, घराच्या मधली बिनखिडकीची खोली, डोकं झाका, खिडकीशी जाऊ नका, गाडीत बसू नका, इशारा संपल्याचं कळेपर्यंत बाहेर येऊ नका. खाली त्यांच्या काउंटीचं नाव मोठ्या अक्षरात, कारण इशाऱ्यात गावाआधी काउंटी येते आणि पाहुण्यांना ती माहीत नसते. विद्यार्थ्यांसाठी त्याच पानावर एक ओळ वाढवा. तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर तळमजल्यावरच्या एखाद्या शेजाऱ्याशी आत्ताच ओळख करून घ्या, डब्यात काहीतरी घेऊन जा. हे पान मी लिहून देते. ज्या मंडळाला हवं असेल त्याने आपल्या काउंटीचं नाव घालून वापरावं, माझं नाव लावायची गरज नाही.

आणि कार्यक्रमाच्या ईमेलमध्ये 'पार्किंग इमारतीच्या मागे' आणि 'जेवण साडेसातला' या दोन ओळींच्या मध्ये तिसरी ओळ टाका. इशारा आल्यास सर्वांनी अमुक पॅसेजमध्ये जावे, दार अमुक बाजूला. या पाडव्याच्या ईमेलपासूनच.

कळावे, लोभ असावा.

आपली,
हंट्सव्हिल, अलाबामा येथील एक सभासद